बीटल्स, टोकियो १९६६: पब्लिक इतकं शांत का आणि बँड इतका ढिला का?

बेसूर_बाळू:

मंडळी, एक शंका आहे, गाण्यातल्या आणि इतिहासातल्या दोन्हीकडच्या जाणकारांनी जरा लक्ष द्यावं. सध्या बीटल्सचे जुने लाइव्ह कार्यक्रम बघत सुटलोय. न्यूयॉर्कचं शे स्टेडियम बघितलं, ऑगस्ट १९६५, ५५ हजारांवर पब्लिक, नुसत्या किंकाळ्या, कुठलं गाणं चाललंय ते ओठ बघून ओळखायचं. त्यानंतर टोकियोचं बुदोकान लावलं, ३० जून १९६६ चं, आणि चाटच पडलो राव. लोक चक्क जागेवर बसलेत! ओरडत नाहीत असं नाही, पोरी किंचाळतायत, पण गाणं ऐकू येतंय. कोणी उठत नाही, कोणी स्टेजकडे धावत नाही, स्टेजसमोरची जमीन सगळी मोकळी आणि स्टेज एवढं उंच की चढायचं तर शिडीच लागेल.

दुसरी शंका विचारायला जीभ रेटत नाही पण विचारतोच. हे लोक इतकं ढिसाळ का वाजवतायत? पेपरबॅक रायटरच्या सुरुवातीला तिघं मिळून गातात तिथे सूर कुठच्या कुठे गेलेत, गिटारी एकमेकींशी जुळत नाहीयेत, पॉलचा माइक सारखा दुसरीकडे वळतोय आणि तो गाता गाता तोंड फिरवून त्याच्या मागे जातोय. ज्या माणसांनी त्याच महिन्यात रिव्हॉल्व्हरसारखा अल्बम रेकॉर्ड करून संपवला त्यांना अर्ध्या तासाचा कार्यक्रम धड करता येऊ नये? का माझेच कान खराब आहेत?

शिस्तप्रिय:

कान ठीक आहेत तुमचे. पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपंय, जपानी माणूस मुळातच शिस्तीचा. कार्यक्रम ऐकायला गेलाय तर ऐकणार. आरडाओरडा करायला पैसे कशाला द्यायचे? पाश्चात्त्य पब्लिकला हे कळायला अजून वेळ आहे.

तिसरी_घंटा:

शिस्तप्रिय, माफ करा पण हे 'जपानी शिस्त' प्रकरण प्रत्येक धाग्यावर येतं आणि इथे तर ते फारच अपुरं आहे. ती शिस्त कमी आणि बंदोबस्त जास्त होता. नीट बघा त्या व्हिडिओत, गॅलरीच्या कडेने सगळीकडे पोलीस आणि सुरक्षारक्षक उभे आहेत. हजारो पोलीस होते, विमानतळापासून हॉटेलपर्यंत आणि हॉटेलपासून हॉलपर्यंत. जागेवरून उठायचं नाही असं आधीच बजावलेलं. खालच्या मोकळ्या जमिनीवर प्रेक्षकांना जागाच दिली नव्हती, सगळे वरच्या गॅलऱ्यांमध्ये. पोलीस तर पब्लिकचंच चित्रीकरण करत होते, ती फिल्म कित्येक दशकं दाबून ठेवली होती, मग नागरिकांच्या एका गटाने ती मिळवण्यासाठी थेट सुप्रीम कोर्टापर्यंत भांडण नेलं आणि शेवटी मिळाली ती बीटल्स सोडून बाकी सगळ्यांचे चेहरे धूसर करून. म्हणजे साठच्या दशकात गाणं ऐकायला गेलेल्या पोरीची ओळख एकविसाव्या शतकात लपवायची, कमाल आहे की नाही.

आता पोलीस एवढे का, तर ते उगाच नव्हते. बुदोकान म्हणजे काही साधा हॉल नाही. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकला ज्युदोसाठी बांधलेली वास्तू, अष्टकोनी, नारा भागातल्या होर्यूजी मंदिरातल्या युमेदोनो या दालनाच्या धर्तीवर, आणि सम्राटांच्या राजवाड्याला लागून. तिथे लांब केसांचे चार इंग्रज गिटार घेऊन नाचणार म्हटल्यावर उजव्या गटांचं डोकं फिरलं. अकाओ बिन नावाचे एक कडवे पुढारी होते, त्यांची माणसं रस्त्यावर उतरली, 'बीटल्स परत जा' असे फलक लावून गाड्या फिरवल्या. आता तुम्ही म्हणाल असे फलक सगळीकडेच लागतात. पण टोकियोत लोकांच्या डोळ्यांसमोर सहाच वर्षांपूर्वीची घटना होती. ऑक्टोबर १९६० मध्ये समाजवादी पक्षाचे अध्यक्ष असानुमा इनेजिरो हिबियाच्या सभागृहात स्टेजवर भाषण करत असताना १७ वर्षांच्या एका पोराने तलवार खुपसून त्यांना मारलं, कॅमेऱ्यांसमोर. आणि तो पोरगा आधी याच अकाओंच्या पक्षात होता. स्टेजवरचा माणूस म्हणजे काय टार्गेट असतं हे तिथल्या पोलिसांना वेगळं सांगायला नको होतं.

अजून एक गंमत सांगते, गंमत म्हणायची का माहीत नाही. या दौऱ्याच्या मागे योमिउरी वर्तमानपत्र होतं आणि त्याचे मालक शोरिकी मात्सुतारो हेच बुदोकानचेही प्रमुख. याच शोरिकींनी १९३४ मध्ये बेब रूथसकट अमेरिकन बेसबॉलपटूंना जपानात आणलं होतं आणि त्याचा राग धरून १९३५ मध्ये एका राष्ट्रवाद्याने त्यांच्यावरच तलवार चालवली होती, वाचले कसेबसे. म्हणजे ज्या माणसाने परदेशी पाहुणे बोलावल्याबद्दल एकदा स्वतःच्या मानेवर वार झेलला, तोच तीस वर्षांनी पुन्हा पाहुणे बोलावतोय. मध्येच त्यांनी हॉल द्यायचा की नाही यावर कच खाल्ली त्याबद्दल लोक नावं ठेवतात, मी ठेवणार नाही.

अवांतर: पवित्र जागेचा मान परदेशी माणूस घालवणार हीच भीती असेल तर ते काम दोन वर्षं आधीच झालं होतं की. याच बुदोकानमध्ये, ऑलिंपिक ज्युदोच्या खुल्या गटाचं सुवर्णपदक डच अँटोन गीसिंकने जपानी खेळाडूला हरवून नेलं होतं.

खिडकीतली_सीट:

तिसरी_घंटा ताई, दंडवत घ्या __/\__

तिकिटांबद्दल थोडी भर घालतो. तिकिटं सरळ खिडकीवर मिळत नव्हती, पोस्टकार्ड पाठवायचं आणि सोडत निघायची. दर २१००, १८०० आणि १५०० येन, शाळकरी पोरांच्या खिशाला जडच. त्यात बऱ्याच शाळांनी कार्यक्रमाला जायला बंदी घातलेली, गेलात तर कारवाई. म्हणजे आत पोचलेली जी पोरंपोरी होती ती सोडतीतून निवडलेली, शाळेला चुकवून आलेली, आणि चारी बाजूंनी पोलीस. आता अशा वेळी आपण उठून नाचलो असतो का सांगा? शांत बसण्यात त्यांचा स्वभाव किती आणि परिस्थिती किती ते असं वेगळं काढता येणार नाही, पण नुसतं 'स्वभाव' म्हणून सोडून देणं त्या पोरांवर अन्याय आहे.

बाकी मूळ कार्यक्रमाआधी तासभर जपानी कलाकारांचा कार्यक्रम असायचा. उचिदा युया, ब्लू कॉमेट्स, ड्रिफ्टर्स वगैरे मंडळी. बीटल्स येऊन गेल्यावर जपानमध्ये गिटारवाल्या बँडांची जी लाट आली, ज्याला तिकडे ग्रुप साउंड्स म्हणतात, त्यात ब्लू कॉमेट्स चांगलेच पुढे होते.

सुरपेटी:

दुसऱ्या प्रश्नावर कोणीच बोलेना म्हणून लिहितो, जरा लांबेल.

बाळूशेठ, ढिसाळ वाजवतायत हे खरंय, पण मला वाटतं तुम्ही प्रश्न उलटा विचारताय. टोकियोत ते अचानक वाईट वाजवायला लागले नव्हते, टोकियोत ते पहिल्यांदा ऐकू आलं. शे स्टेडियमला वाईट वाजवत होते की चांगलं हे कोणाला कळणार होतं? त्यांना स्वतःलाच कळत नव्हतं.

यामागची तांत्रिक भानगड समजून घ्या. आज गायकाच्या पायाशी मॉनिटर स्पीकर असतो किंवा कानात इअरफोन, त्यातून त्याला स्वतःचा आवाज परत ऐकू येतो. १९६६ ला हा प्रकार बीटल्सकडे नव्हता. गिटारचा आवाज मागे ठेवलेल्या व्हॉक्स अँप्लिफायरमधून थेट, आणि गाण्याचा आवाज हॉलच्या स्पीकरमधून, म्हणजे त्यांच्यापासून लांब पब्लिककडे तोंड करून. ड्रमला माइक असला नसला सारखाच. रिंगोने नंतर सांगितलंय की त्याला काही ऐकूच यायचं नाही, पुढच्या तिघांची डोकी आणि कंबरा कशा हलतायत ते बघून गाणं कुठे पोचलंय याचा अंदाज घ्यायचा. विचार करा, जगातला सगळ्यात गाजलेला ड्रमर दुसऱ्याच्या पाठीकडे बघून ठेका धरतोय. हॅम्बुर्गच्या क्लबांमध्ये रात्र रात्र वाजवून तयार झालेला बँड हा, पण किंकाळ्यांच्या दोन-तीन वर्षांत ते जे कमावलं होतं ते हळूहळू झिजलं. चुकलं तरी कोणाला कळत नाही म्हटल्यावर माणूस किती दिवस नीट वाजवेल?

दुसरं कारण म्हणजे सराव. डिसेंबर १९६५ मध्ये ब्रिटनचा दौरा संपला त्यानंतर जून १९६६ पर्यंत त्यांनी तिकीट लावून केलेला एकच कार्यक्रम, १ मे चा वेम्ब्लीचा, तोही छोटासा. एप्रिलपासून स्टुडिओत. रिव्हॉल्व्हरचं काम संपलं आणि एखाद दिवसात विमान, २४ जूनला म्यूनिक, मग एसेन, २६ ला हॅम्बुर्ग, आणि तिथून टोकियो. त्यातही वादळामुळे विमान अलास्कात अँकरेजला उतरवावं लागलं, तासन्‌तास तिथेच अडकले, २९ जूनला पहाटे कधीतरी टोकियोत पोचले. जपान एअरलाइन्सचे ते हाप्पी कोट (जपानी पद्धतीचे सैलसर अंगरखे) घातलेले फोटो बघितलेत ना, ते त्या पहाटेचे. (विमान कंपनीची फुकटात काय जाहिरात झाली असेल, त्या एका फोटोवर!)

आणि तिसरं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते असं की ते स्टुडिओत जे करत होते आणि स्टेजवर जे करत होते ते आता दोन वेगळे धंदे झाले होते. बुदोकानची ११ गाणी बघा, सुरुवात चक बेरीच्या रॉक अँड रोल म्युझिकने आणि शेवट आय'म डाउनने. रिव्हॉल्व्हरमधलं एकही गाणं नाही. वाजवणार कसं? उलटी फिरवलेली टेप, व्हायोलिन-चेलोवाले, ब्रास, हे चार माणसं दोन गिटारी, एक बेस आणि ड्रमवर कुठून काढणार. एकटं पेपरबॅक रायटर त्या काळातलं, आणि तेच फसलंय, कारण रेकॉर्डवर त्यात एकावर एक चढवलेले आवाज आणि वर इको आहे. स्टेजवर तीनच गळे. त्यांनीच नंतर सांगितलंय की अशा अवघड जागी पब्लिककडे बघून हात हलवायचा, की पब्लिक ओरडतं, की चूक झाकली जाते. टोकियोत हात हलवूनही पुरेसं ओरडणारं पब्लिकच नव्हतं!

त्यांच्याबरोबर असणारा नील ॲस्पिनॉल म्हणायचा की पहिल्या कार्यक्रमात त्यांना एकदम जाणवलं आपण बेसूर आहोत, आणि मग पुढच्या कार्यक्रमाला कंबर कसली. हे तुम्ही स्वतः तपासू शकता. निप्पॉन टीव्हीने दोन कार्यक्रम चित्रित केलेत, ३० जूनचा म्हणजे गडद सूटवाला, तोच तुम्ही बघितलात, माइक वळतो तो. आणि १ जुलैचा, फिकट पट्ट्यांचा सूट. दुसरा लावा. नोव्हेअर मॅनमधल्या तीन आवाजांकडे लक्ष द्या.

शिस्तप्रिय:

सगळं मान्य, तरी मला वाटतं पोलीस काढून टाकले असते तरी टोकियोचं पब्लिक शे स्टेडियमसारखं वागलं नसतं. असो, माझं मत आहे, भांडण नको.

ढगफुटी:

या सगळ्यात हॉटेलचा किस्सा राहिला की. टोकियो हिल्टनमध्ये त्यांना अक्षरशः कोंडून ठेवलं होतं, कार्यक्रमाला नेणार आणि परत खोलीत आणून सोडणार. दुकानदारच खोलीत यायचे माल दाखवायला. पॉल एकदा गुपचूप सटकला तर पोलिसांनी परत आणलं. मग करायचं काय, तर कोणीतरी रंग आणि कागद आणून दिले आणि चौघांनी मिळून चित्र काढलं. टेबलावर मोठा कागद पसरला, मध्ये दिवा ठेवला, प्रत्येकाने आपापल्या कोपऱ्यातून आत रंगवत यायचं, कार्यक्रम झाला की परत येऊन पुढे चालू. शेवटी दिवा उचलला तर मध्ये पांढरा गोल राहिला, त्यात चौघांनी सह्या केल्या. २०२४ मध्ये न्यूयॉर्कला लिलावात १७ लाख डॉलरच्या वर गेलं ते. चित्र म्हणून काही फार ग्रेट आहे असं मला वाटत नाही, पण चौघांनी मिळून काढलेलं असं दुसरं चित्र सांगा!

पत्रकार परिषदेत त्यांना बुदोकानच्या पावित्र्याबद्दल विचारलंच होतं. पॉलचं म्हणणं साधारण असं होतं की जपानी नर्तक आमच्याकडे ब्रिटनमध्ये आले तर आमची परंपरा बाटली असं आम्ही म्हणणार नाही. सरळ आणि सभ्य उत्तर. मला तर वाटतं त्या वयात, तेही रात्रभर विमानात लटकून आल्यावर, इतकं शांतपणे बोलणं अवघड आहे.

बाराभानगडी:

आणि टोकियोत जे झालं ते सुखाचं म्हणायचं, कारण पुढचा मुक्काम मनिला होता.

थोडक्यात सांगतो कारण त्यावर वेगळा धागा होईल. ३ जुलैला मनिलात उतरले, ४ ला रिझाल मेमोरियल स्टेडियमवर दोन कार्यक्रम, पब्लिक अफाट. त्याच सकाळी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी इमेल्डा मार्कोस यांनी मालाकान्यांग राजवाड्यात बोलावलेलं, मोठमोठ्या लोकांची पोरंबाळं नटूनथटून वाट बघत बसलेली. मॅनेजर ब्रायन एपस्टाइनची पद्धत अशी की सरकारी समारंभांना जायचंच नाही, त्यामुळे बीटल्स झोपून राहिले आणि टीव्हीवर रिकाम्या खुर्च्या दिसल्या. संपलं. एपस्टाइनने टीव्हीवर दिलगिरी व्यक्त केली तर नेमकी त्याच वेळी खरखर येऊन त्याचा आवाज गायब. दुसऱ्या दिवशी बंदोबस्त काढून घेतला, विमानतळावरचे सरकते जिने बंद, सामान स्वतः ओढत वर न्यायचं आणि वर गेल्यावर धक्काबुक्की, त्यांचं सामानसुमान सांभाळणाऱ्या मॅल इव्हान्सला लाथा बसल्या. आयकर खात्याचं प्रकरण वेगळंच. विमानात बसले तरी कागदपत्रांच्या नावाखाली मॅल आणि प्रेसवाल्या टोनी बॅरोला खाली उतरवलं, ते परत येईपर्यंत विमान तिथेच.

म्हणजे बघा, टोकियोत पोलीस इतके की श्वास घेता येईना आणि मनिलात एकही नाही. हे एका आठवड्यात. तिथून दिल्लीत थांबले (जॉर्जने सतार घेतली ती तेव्हा), लंडनला परतले, ऑगस्टमध्ये अमेरिका केली आणि २९ ऑगस्टला सॅन फ्रान्सिस्कोच्या कँडलस्टिक पार्कनंतर तिकीट लावून कार्यक्रम करणं बंद. लोक याचं खापर मनिलावर किंवा अमेरिकेतल्या येशूवाल्या वादावर (बीटल्स येशूपेक्षा लोकप्रिय आहेत असं जॉन लेनन बोलला होता त्यावरून झालेला) फोडतात. पण मला सुरपेटींचं पटतं. मार खाल्ला म्हणून माणूस एखाद्या गावाला परत जात नाही, आपण बेसूर झालोय हे ऐकल्यावर मात्र तो स्टेजच सोडतो.

सुरपेटी:

बाराभानगडी, वाक्य भारी आहे पण थोडं जास्त ओढलंत. एकच कारण नव्हतं. जॉर्ज तर आधीपासूनच कंटाळला होता आणि पॉलला सगळ्यात शेवटी पटलं. टोकियोने निर्णय झाला असं नाही म्हणणार मी, टोकियोत सोंग उघडं पडलं एवढंच म्हणेन.

बेसूर_बाळू:

बापरे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. १ जुलैवाला लगेच बघितला. माइक जागेवर आहे, नोव्हेअर मॅन खरंच छान जमलंय, जॉर्जचं इफ आय नीडेड समवन पण सुरेल. तरी पेपरबॅक रायटर तसंच, त्याला इलाज नाही हे आता कळलं.

एक उरलेली शंका. यस्टरडे चौघांनी मिळून वाजवलंय, इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रमसकट. रेकॉर्डवर पॉल एकटा आहे ना? मग आधीसारखं एकट्यानेच अकूस्टिक घेऊन का नाही म्हटलं?

सुरपेटी:

हो, रेकॉर्डवर पॉल, त्याची गिटार आणि स्ट्रिंग क्वार्टेट, म्हणजे व्हायोलिन-चेलोवाले चौघं. १९६५ च्या ऑगस्टमध्ये ब्लॅकपूलच्या टीव्ही कार्यक्रमात त्याने ते एकट्याने म्हटलंय, बाकीचे स्टेजवरून बाजूला झाले होते. १९६६ च्या दौऱ्यात मात्र चौघांची रचना केली. माझा अंदाज असा की स्टेडियममध्ये एकटी अकूस्टिक गिटार कोणाला ऐकू गेली नसती, आणि बाकी तिघांनी त्या वेळात करायचं काय हाही प्रश्न. मला स्वतःला ती इलेक्ट्रिकवाली आवडते, त्यांच्या कॅसिनो मॉडेलच्या इलेक्ट्रिक गिटारींचा कोरडा आवाज त्या गाण्याला रडकं होऊ देत नाही. पण हे ऐकून मला शिव्या घालणारे इथे बरेच आहेत, त्यामुळे १ जुलैची परत एकदा हेडफोन लावून ऐका आणि तुमचं तुम्हीच ठरवा.